नेट जाणारच, हे धरून घरातलं जाळं बांधा: कोकणातल्या घरासाठी राउटर आणि मेलचं सॉफ्टवेअर कसं निवडावं

आमचं घर दापोली तालुक्यात, समुद्रापासून एका आगराच्या रुंदीएवढं आत. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आगरातल्या निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या, गोठ्याचे पत्रे उडाले आणि वीज गेली ती कित्येक आठवडे आलीच नाही. मोबाइलचे टॉवरही बंद. नुकसानीचे फोटो माझ्या फोनमध्ये होते, पण घराच्या विम्याचे कागद मेलमध्ये होते आणि मेल होता ‘नेटवर’. कॉम्प्युटर समोर होता, त्यात त्या कागदांची एक प्रतही नव्हती. चौथ्या दिवशी दिरांबरोबर डोंगर चढून रेंज शोधली आणि फोनच्या शेवटच्या 11 टक्के बॅटरीवर ते कागद उतरवले.

त्यानंतर घरातलं सगळं जाळं मी नव्याने बांधलं. घरात दोन खोल्या पाहुण्यांसाठी आहेत, त्यांची बुकिंग मेलवर येतात. हंगामात आंब्याच्या ऑर्डरीही. राउटरचं वर्णन आणि मेलच्या प्रोग्रॅमची माहिती लोक वेगवेगळी वाचतात. माझ्या मते किनाऱ्यावरच्या घरात हे दोन्ही निर्णय एकत्र घ्यायला हवेत. नेट जाणारच आहे. गेलं तरी काम चालू राहील का, हाच प्रश्न दोन्हीकडे विचारायचा.

खरेदीच्या आधी घर चालून बघा

दुकानात जायच्या आधी दोन फोन घ्या. एका फोनचा हॉटस्पॉट चालू करा आणि राउटर जिथे ठेवायचा विचार आहे तिथे तो फोन ठेवा. दुसऱ्या अँड्रॉइड फोनवर वायफायची ताकद दाखवणारं एखादं मोफत अ‍ॅप घ्या आणि ओटी, माजघर, स्वयंपाकघर, माळा, पडवी असं चालत जा. प्रत्येक ठिकाणचा आकडा कागदावर लिहा. आकडा उणे असतो, आणि तो डीबीएम या सिग्नलच्या मापात असतो. उणे 50 म्हणजे उत्तम, उणे 67 पर्यंत व्हिडिओ कॉलसुद्धा नीट चालतो, उणे 75 नंतर रखडायला लागतं आणि उणे 80 च्या पलीकडे काही उपयोग नाही. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड बदलता येतो, त्यामुळे हीच फेरी एकदा 2.4 गिगाहर्ट्झवर आणि एकदा 5 गिगाहर्ट्झवर मारा. फोनची ताकद राउटरपेक्षा कमी असते, म्हणून फोनवर जे जमलं ते राउटरवर जमणारच.

आमच्याकडे जांभ्याची दीड फूट जाडीची भिंत आहे. 2.4 वर ओटीवरून माजघरात उणे 58, स्वयंपाकघरात उणे 71, मागच्या पाहुण्यांच्या खोलीत उणे 84. आणि 5 गिगाहर्ट्झचा सिग्नल दुसऱ्या भिंतीपाशीच संपला. शहरातल्या विटांच्या पातळ भिंतींसाठी लिहिलेला सल्ला आपल्याला लागू पडत नाही तो यामुळे. शिवाय जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्यात तो पाणी धरतो, आणि ओली भिंत कोरड्या भिंतीपेक्षा जास्त सिग्नल खाते. मे महिन्यात मोजलं असेल तर पाच-सात आकड्यांची सूट ठेवा.

हा कागद हातात आला की किती राउटर लागतील ते कळतं. आमच्या घराला एक मुख्य आणि मागे एक, असे दोन लागले.

लाइन कुठली

गावात फायबर आलं असेल तर दुसरा विचार करू नका. कंपनीचा माणूस जो डबा लावून जातो, ज्याला सगळे ‘मोडेम’ म्हणतात, तो खरं म्हणजे ओएनटी, फायबरमधून आलेल्या प्रकाशाचं नेटच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारं यंत्र. त्यात बहुतेक वेळा राउटरही असतो, तेव्हा लगेच नवीन राउटर घ्यायची घाई नको. तारजोडणीच्या दिवशी त्याला एवढंच विचारा: यात दोन्ही बँड आहेत का, पोर्ट गिगाबिट आहेत का, आणि आतल्या पानावर प्रकाशाची पातळी किती दिसते. गिगाबिट फायबरच्या डब्याला उणे 27 डीबीएमपर्यंतचा प्रकाश कसाबसा पुरतो. पहिल्याच दिवशी उणे 26 असेल तर पावसात एखादा जोड ढिला झाला की लाल दिवा लागलाच म्हणून समजा. जोड पुन्हा करून द्यायचा आग्रह धरा. आमच्याकडे पहिल्यांदा तार नारळाच्या झाडाला गुंडाळून आणली होती. वारा आला की माड हलतो, माड हलला की तार ओढली जाते. वर माकडं. ती तार सोडवून घराच्या वाशापर्यंत स्वतंत्र खांबावरून घ्यायला लावली, तेव्हा कुठे तक्रारी थांबल्या.

फायबर नसेल तर सिमवर चालणारा राउटर. घरी कुठल्या कंपनीची रेंज पकडते ते आधी वेगवेगळ्या सिमवर, घराच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांत तपासा. माळ्यावरच्या खिडकीत आणि खालच्या पडवीत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. बाहेरची अँटेना जोडायची सोय असलेलं मॉडेल घ्या.

राउटर निवडताना

डब्यावरचे मोठे आकडे फसवतात. ‘एसी 1200’ म्हणजे 2.4 चे 300 आणि 5 चे 867 एमबीपीएस मिळवून केलेली, वर ढकललेली बेरीज. तेवढा वेग कुठल्याही एका फोनला मिळत नाही. चार अँटेना दिसल्या म्हणून सिग्नल भिंत फोडून जाईल असंही नाही, कारण किती ताकदीने प्रक्षेपण करायचं याला सरकारी मर्यादा आहे.

मी हे बघते. पोर्ट गिगाबिट हवेत. ‘10/100’ लिहिलेलं असेल तर लाइन 300 ची असो की 500 ची, तारेतून 100 च्या वर काही येणार नाही. वायफाय 6 हवं, कारण वायफाय 5 चं मानक फक्त 5 गिगाहर्ट्झपुरतं होतं, तर वायफाय 6 मुळे 2.4 लाही सुधारणा मिळाली आणि आपल्या भिंतींतून तोच बँड जातो. अ‍ॅक्सेस पॉइंट मोड हवा, म्हणजे राउटर स्वतःचं वेगळं जाळं न करता आधीच्याच जाळ्याचं वायफाय पुढे देतो. डब्ल्यूपीए 3, म्हणजे वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत, हवं. आणि अडॅप्टर 12 व्होल्टचा हवा. हे शेवटचं दुकानदाराला कोणी विचारत नाही, पण लाइट गेल्यावर सगळं त्यावरच येऊन ठेपतं.

मागच्या खोलीसाठी दुकानात हमखास ‘एक्स्टेंडर घ्या’ असं सांगतात. साधा एक्स्टेंडर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे सांगतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. मेशचे, म्हणजे एकमेकांशी जोडून एकच जाळं करणारे महाग डबेसुद्धा बिनतारी जोडले तर त्याच जांभ्याशी भांडत बसतात. भिंतीतून तार न्या आणि पलीकडे दुसरा राउटर अ‍ॅक्सेस पॉइंट म्हणून लावा. हे कष्टाचं आहे, पण एकदाच करावं लागतं.

तार कॅट 6 घ्या, आणि ती शुद्ध तांब्याची आहे का ते स्वतः बघा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार सर्रास मिळते. आतली एक बारीक तार काढून ब्लेडने खरवडा. आत पांढरी चकाकली तर परत करा. खाऱ्या हवेत ती तार जोडापाशी पहिल्यांदा मरते. एका दमात 100 मीटरपर्यंत तार चालते. भिंतीला भोक पाडताना बाहेरच्या अंगाला थोडा उतार ठेवा, नाहीतर तारेच्या कडेने पाणी आत येतं. उन्हात उघडी तार टाकू नका, पाइपात घाला.

पाहुण्यांच्या खोल्या वेगळ्या इमारतीत असतील, मध्ये अंगण असेल, तर तांब्याची तार नकोच. दोन मीडिया कन्व्हर्टर (तांब्याच्या तारेतला सिग्नल प्रकाशात आणि परत बदलणारे डबे) आणि मध्ये धातूची तार नसलेलं फायबर टाका. वीज जवळ पडली तर तांब्याच्या तारेतून झटका एका घरातून दुसऱ्या घरात जातो, काचेतून जात नाही.

जोडणी

दुसरा राउटर जाळ्यात जोडण्याआधी एकटाच लॅपटॉपला जोडा. अ‍ॅक्सेस पॉइंट मोड असेल तर तो निवडा, काम संपलं. नसेल तर हाताने करायचं: ओएनटीचा पत्ता 192.168.1.1 असेल तर याला 192.168.1.2 द्या, डीएचसीपी (जोडलेल्या प्रत्येक फोन-कॉम्प्युटरला आपोआप पत्ता देणारी सोय) बंद करा, आणि मग ओएनटीच्या लॅन, म्हणजे घरातल्या तारांसाठीच्या पोर्टमधून आलेली तार याच्या लॅन पोर्टमध्ये घाला. वॅन लिहिलेल्या वेगळ्या रंगाच्या पोर्टमध्ये नाही. ती चूक मी केली होती. सगळं चालतंय असं वाटतं, पण घरात दोन वेगळी जाळी तयार होतात आणि समोरच्या खोलीतला प्रिंटर मागच्या खोलीतल्या लॅपटॉपला दिसत नाही.

दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवा, म्हणजे फोन चालता-चालता आपोआप बदलतो. 2.4 चं चॅनल मात्र वेगवेगळं: 1, 6 आणि 11 यांतलं एक इकडे, दुसरं तिकडे. डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता बटणाने किंवा पिनने जोडायची सोय) बंद करा. राउटरच्या आतल्या पानाचा मूळ पासवर्ड बदला. तो डब्याखाली छापलेला असतो आणि पाहुणे तो वाचू शकतात. गणपतीत मुंबईची माणसं आली की पंधरा-वीस फोन एकदम जोडले जातात, त्यांच्यासाठी वेगळं पाहुण्यांचं वायफाय करा. ते मुख्य राउटरवर करा. अ‍ॅक्सेस पॉइंट मोडमध्ये काही राउटर पाहुण्यांना घरच्या जाळ्यापासून वेगळं ठेवत नाहीत.

लाइट गेल्यावर

“अगो, लाइट गेली की तुझं ते डबडंही मान टाकतं,” असं सासूबाई म्हणायच्या, आणि ते खरंच होतं. घराला इन्व्हर्टर असेल तर ओएनटी आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरच्या प्लगवर घ्या. नुसता राउटर घेऊन उपयोग नाही. नसेल तर 12 व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस.

त्याचा हिशोब घरीच करता येतो. ओएनटी साधारण 6 वॉट आणि राउटर 8 वॉट खातो असं धरू, म्हणजे 14. छोट्या लिथियम यूपीएसवर 10,000 एमएएच लिहिलेलं असतं, पण ते आतल्या 3.7 व्होल्टच्या सेलचं माप. 37 वॉट-तास झाले, रूपांतरात जाऊन हाती 30 राहतात. म्हणजे दोन तास. 12 व्होल्ट 7 अँपिअर-तासाची शिशाची बॅटरी 84 वॉट-तासांची. ती निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणून 42 धरा, तीन तास. बॅटरीची तार थेट राउटरला जोडू नका. चार्ज होताना ती 13.8 व्होल्टपर्यंत चढते. मधे नेमका 12 व्होल्ट देणारा यूपीएस सर्किट हवाच.

आता आभाळातून पडणाऱ्या विजेबद्दल. वळवाच्या पावसात आणि पुन्हा ऑक्टोबरमध्ये ढग गडगडायला लागले की नुसतं बटण बंद करून चालत नाही. प्लग उपसा, लॅनची तारही उपसा. आमचा पहिला राउटर गेला तेव्हा प्लग काढलेला होता. झटका मागच्या खोलीतून लॅनच्या तारेने आला. उघडून बघितलं तर पोर्टच्या मागची छोटी चिप मधोमध फुटून काळी झाली होती आणि बाकीचा सगळा बोर्ड कोरा करकरीत. फायबरची काच वीज वाहत नाही, पण खांबावरून येणाऱ्या बऱ्याच तारांत आधारासाठी पोलादी तार असते, ती घरात यायच्या आधीच कापलेली असावी. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, जांभ्याच्या कातळात तर फारच. मार्चपासून त्यात पाणी घालत जा.

खारं वारं हळू मारतं. न वापरलेल्या पोर्टमध्ये रबरी बूच घाला. लॅनची पिन वर्षातून एकदा काढून बघा: सोनेरी पट्ट्यांवर हिरवट डाग दिसला की पिन कापून नवीन क्रिम्प करा, पुसत बसू नका. राउटर समुद्राच्या बाजूच्या खिडकीत नको, आणि डब्याच्या भोकांतून पाल आत जाते म्हणून भिंतीला चिकटवून नको.

दुसरी वाट म्हणून फोन असतोच. एक सोपी युक्ती: फोनच्या हॉटस्पॉटला घरच्या वायफायचंच नाव आणि पासवर्ड द्या. फायबर तुटलं की घरचे राउटर बंद करून हॉटस्पॉट चालू करायचा, कॉम्प्युटर आणि प्रिंटर काही न विचारता जोडले जातात. विंडोजमध्ये त्या वेळी हे कनेक्शन मीटर्ड (मोजक्या डेटाचं) म्हणून नोंदवा, नाहीतर दिवसाचा डेटा अपडेट खाऊन टाकतात. नेट परत आलं की ती खूण काढायची.

मेलचं सॉफ्टवेअर

ब्राउझरमध्ये जीमेल उघडणं म्हणजे दुसऱ्याच्या कोठारात डोकावणं. लाइन असेपर्यंत दिसतं. क्रोममध्ये जीमेलची ऑफलाइन सोय आहे, पण ती जास्तीत जास्त 90 दिवसांचे मेल ठेवते. विम्याचा कागद दोन वर्षांपूर्वीचा असतो. म्हणून घरच्या कॉम्प्युटरवर मेलचा प्रोग्रॅम हवा, आणि त्याने सगळे मेल डिस्कवर उतरवून ठेवायला हवेत.

विंडोजचं जुनं ‘मेल’ अ‍ॅप 31 डिसेंबर 2024 ला बंद झालं आणि त्याच्या जागी नवीन आउटलुक आलं. ते मोफत आहे, दिसायला छान आहे. पण तुम्ही त्यात जीमेल किंवा स्वतःच्या डोमेनचा मेल जोडलात तर त्याची प्रत मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरही जाते. पाहुण्यांची ओळखपत्रं माझ्या मेलमध्ये असतात. ती आणखी एका ठिकाणी जावीत असं मला वाटत नाही. मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबर येणारं जुनं आउटलुक दणकट आहे, ते ऑफिस आधीच विकत घेतलं असेल तर जरूर वापरा. मॅक असेल तर त्यातलं मेल पुरेसं आहे.

बाकी सगळ्यांना मी थंडरबर्ड सांगते. मोझिलाचं, 2004 पासून चालत आलेलं, मोफत, आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. 2024 च्या ऑक्टोबरपासून अँड्रॉइडवरही आहे. आमच्या 4 जीबीच्या जुन्या कॉम्प्युटरवर ते निवांत चालतं.

खातं जोडताना आयमॅप की पॉप, म्हणजे सर्व्हरवरून मेल आणायच्या दोन पद्धतींतली कुठली, असा प्रश्न येतो. आयमॅपच घ्या. पॉप मेल उतरवतो आणि, सेटिंग न बदलल्यास, बऱ्याचदा सर्व्हरवरून पुसून टाकतो. आमच्या एका नातेवाइकांचे सहा वर्षांचे मेल असे फक्त एका कॉम्प्युटरवर राहिले होते. त्याची डिस्क एका पावसाळ्यात गेली आणि जमिनीच्या व्यवहाराचा सगळा पत्रव्यवहार तिच्याबरोबर गेला. आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरही राहतो, कॉम्प्युटरवरही, फोनवरही.

जीमेल जोडलं की गूगलची साइन-इनची खिडकी उघडते, तिथेच पासवर्ड द्यायचा. एखाद्या जुन्या प्रोग्रॅमला ती खिडकी जमत नसेल तर द्विस्तरीय पडताळणी चालू करून गूगलकडून 16 अक्षरांचा अ‍ॅप पासवर्ड घ्यावा लागतो. स्वतःच्या डोमेनचा मेल असेल तर येणाऱ्या मेलसाठी आयमॅप पोर्ट 993, जाणाऱ्या मेलसाठी 465 किंवा 587.

इथे कोकणातली एक खास अडचण सांगते. पडताळणीचा कोड एसएमएसने मागवला असेल आणि टॉवर बंद असेल तर वायफाय असूनही तुम्ही स्वतःच्या मेलबाहेर. कोड देणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप फोनवर ठेवा, ते रेंजशिवाय चालतं. गूगल आठ अंकी दहा बॅकअप कोड देतं, तेही छापून देवघरातल्या कपाटात ठेवा.

मग खात्याच्या सेटिंगमध्ये ‘सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज’ या पानावर जा आणि मेल या कॉम्प्युटरवर ठेवायची खूण करा. किती दिवसांचे असं विचारलं तर सगळे. पहिल्यांदा उतरवताना बराच वेळ लागतो, रात्री लावून झोपा. जीमेलचे 15 जीबी ड्राइव्ह आणि फोटो मिळून असतात, त्यामुळे मेलचा भाग सहसा त्याहून बराच कमी निघतो.

लिहिताना नेट नसेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एंटर एकत्र दाबा. मेल आउटबॉक्समध्ये जाऊन बसतो. नेट आल्यावर फाइल मेनूतून न पाठवलेले मेल पाठवा. पावसाळ्यात मी पाहुण्यांची उत्तरं सकाळी अशी लिहून ठेवते आणि फोनचा हॉटस्पॉट पाच मिनिटं चालू करून सगळी एकदम सोडते. फोटो जोडायचे तर लहान करून. जीमेल 25 एमबीच्या वर जोडपत्र घेत नाही आणि आपल्या रेंजवर 5 एमबीसुद्धा खूप होतात. मराठी मजकूर नेहमी युनिकोडमध्ये टाइप करा. ग्रामपंचायतीच्या किंवा वकिलांच्या जुन्या फाँटमधल्या फाइली समोरच्याकडे तो फाँट नसेल तर नुसती चिन्हं दिसतात, त्या पीडीएफ करून पाठवायला सांगा.

आयमॅप म्हणजे बॅकअप नव्हे. एका जागी पुसलं की सगळीकडून पुसलं जातं. महिन्यातून एकदा थंडरबर्डच्या हेल्प मेनूत ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन उघडा, तिथून प्रोफाइल फोल्डर कुठे आहे ते बघा, थंडरबर्ड बंद करा आणि तो अख्खा फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसह. माझी एक डिस्क डब्यात आणि दुसरी पुण्याला नणंदेकडे असते. ती दिवाळीला आली की आम्ही अदलाबदल करतो.

मिरगाच्या आधी एक दिवस

7-8 जूनला मृग लागतो. त्याआधीच्या एखाद्या रविवारी दुपारी घराचा मेन स्विच पाडा. राउटरचे दिवे यूपीएसवर किती वेळ टिकतात ते घड्याळ लावून बघा. मग फायबरची तार ओएनटीतून अलगद काढा, टोकाला बोट लावू नका. लॅपटॉपवर थंडरबर्ड उघडून दोन वर्षांपूर्वीचा एखादा कागद शोधा आणि त्याचं जोडपत्र उघडतं का बघा. एक मेल स्वतःलाच लिहा, आउटबॉक्समध्ये टाका, राउटर बंद करून हॉटस्पॉट चालू करा आणि सोडा.

आणि हे सगळं घरातल्या दुसऱ्या कोणाकडून तरी करवून घ्या. गेल्या वर्षी मी खुर्चीवर बसून राहिले आणि सासूबाईंनी केलं. हॉटस्पॉट कुठे चालू करायचा तिथे त्या अडल्या, म्हणून आता त्याच्या चार ओळी मराठीत लिहून राउटरच्या शेजारी भिंतीला लावल्या आहेत, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून.